पेटीतले पैलवान



गेल्या महिन्यात घरांना आशीर्वाद देत आम्ही फिरत असता आपल्या धर्मग्रामातील एका वयस्कर बंधूंनी पलंगाखालची लोखंडी पेटी उघडून दाखवली. (हे त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत.) पेटीत जत्रांमधील कुस्त्यांच्या दंगलीची जुनी पोस्टर्स होती. लंगोट कसलेले पैलवान, खांद्यावर गदा, खाली इनामाचे आकडे. मिरचीच्या बाजाराला जाता-येता भिंतींवरचे कागद ओले करून, अलगद सोडवून त्यांनी ती चाळीस वर्षे जमवली. आता शहरातला एक व्यापारी सगळी पेटी विकत मागतो आहे, आणि घरात नातीच्या नर्सिंगच्या फीची अडचण आहे. ते म्हणाले, "फादर, ही माझी मूर्तिपूजाच झाली का? ठेवली तरी पाप, विकली तरी पाप, असं वाटतं."

"कागदच तो, विकून टाका," असे म्हणणे सोपे होते. पण चित्रांविषयी असे बोलणे आपल्याला तरी शोभत नाही. ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या धर्मसभेने सांगितले, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेतील व्यक्तीकडे जातो. हा निर्णय संतांच्या चित्रांबाबतचा. तो पैलवानांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कसोटी म्हणून उपयोगी आहे. मान कुठवर पोहोचतो, कागदापर्यंत की माणसापर्यंत? व्यापाऱ्याने कडा फाटल्यात का, एवढेच पाहिले. आपले बंधू प्रत्येक पैलवानाचे गाव, वस्ताद आणि हातखंडा डाव सांगतात.

खेळांची पोस्टर्स जमविणारे जगभर आहेत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचे पोस्टर करणारे चित्रकार चर्चमधील चित्रेही रंगवीत, हे वाचून आम्हांला गंमत वाटली. त्या पोस्टरमधील उघड्या देहांवर काही देशांत आक्षेप निघाले. आज तेच मोलाने घेतले जाते. इतरांनी आपापली फाडून टाकली म्हणून उरलेल्याला भाव येतो. त्यात पैलवानाच्या घामाची किंमत कुठेच नसते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वर्गणी आणि उसनवारी करून हेलसिंकीला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. चित्र भिंतीवर आणि माणूस विस्मरणात, हे आपल्याकडे नवे नाही.

वस्तू वापरायच्या आणि रमायचे ते देवात, असा भेद संत ऑगस्टीन करतात. सेमिनरीत तो फार स्वच्छ वाटला होता. त्या पलंगापाशी तितका वाटला नाही. शेवटी आम्ही एवढेच विचारले, "ही कुणाला दाखवलीत का?" ते गप्प झाले. चाळीस वर्षांत कुणालाच नाही! लोकांना मैदानाकडे बोलावण्यासाठी छापलेला कागद कुलपात. आम्हांला खटकले ते हे. ठेवण्यात पाप नाही, विकण्यातही नाही. पण चित्रासाठी घरातले जिवंत माणूस अडून राहिले, तर मात्र उत्तर द्यावे लागेल, असे आम्ही स्पष्ट सांगितले.

त्यांनी निम्मी विकायचे ठरवले आहे. स्वतः पाहिलेल्या कुस्त्यांची ते ठेवणार आहेत. त्याआधी येत्या रविवारी मिस्सेनंतर सगळी हॉलमध्ये मांडायची आहेत. कागद फार जीर्ण आहेत, म्हणून मुलांनी हात धुऊन यावे. आणि सतरंज्या अंथरायला तरुणांपैकी दोघे-तिघे लवकर आले तर बरे होईल.