मृताच्या उशाशी उरलेली अमानत

कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला बांबोळीच्या रुग्णालयातून मालवण किनाऱ्यावरील आपल्या घरी आणले जाते. काही आठवडे घरचे त्याची शुश्रूषा करतात आणि एके दिवशी तो आपल्या पालनकर्त्याकडे परततो. दफनविधी आटोपून मंडळी घरी येतात, तेव्हा उशाशी दोन वस्तू उरलेल्या असतात : आजाराची फाइल आणि मॉर्फिनच्या गोळ्या. वाचकहो, त्यांचे काय करावे?

आधी फाइलविषयी. सांत्वनाला आलेले विचारतात, ‘आजार कोणता होता? शेवटी काय झाले?’ हेतू सहसा वाईट नसतो. परंतु ज्याचे गुपित आहे, तो आता ‘सांगू नका’ असे म्हणू शकत नाही. गुस्ल देणाऱ्याने मय्यतीच्या देहावर जे पाहिले ते झाकून ठेवावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. देह पाहणाऱ्यावर जे बंधन, तेच अहवाल वाचणाऱ्यावरही नाही काय? मात्र आजार आनुवंशिक असेल तर मुलांना सांगणे कर्तव्य ठरते. त्यांना त्याची गरज आहे, गावाला नाही.

गोळ्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. शेजारच्या वाडीत कुणी तशाच वेदनेने तळमळत असतो. गोळ्या टाकून देणे हा इसराफ आणि त्याला देणे हा सदका, असे मनाला वाटते. पण मॉर्फिनची मात्रा प्रत्येक रुग्णासाठी वेगळी ठरते. सवय नसलेल्याचा श्वास त्याने मंदावू शकतो, थांबूही शकतो. इतरांना हानी पोहोचवू नये, या इस्लामी तत्त्वासमोर केवळ नेक नियत पुरेशी होत नाही. शिवाय अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, ती मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत ही औषधे रुग्णांना सुलभपणे मिळावीत म्हणून. तेव्हा शेजाऱ्याला गोळी नव्हे, डॉक्टरांपर्यंत जाण्यासाठी गाडी आणि सोबत द्या. हाच खरा सदका.

उरलेल्या गोळ्या मोजून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवाव्यात आणि ते सांगतील तसे करावे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये मॉर्फिन, फेन्टॅनिल यांसह १७ औषधे कचऱ्यात न टाकता शौचालयात वाहून टाकण्याची सूचना केली आहे. तोवर ती कुलपात, मुलांपासून दूर असावीत.

अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवा, अशी आज्ञा सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. मृताचे गुपित ही त्याची अमानत आहे. कब्रवर माती दिल्याने ती संपत नाही. अल्लाह आपल्याला ती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.