मेंदूचे चित्र आणि माणसाची ओळख

मनुष्याचे मन कोठे वसते, हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीनांनी ते हृदयात शोधले. आजचे विज्ञान ते मेंदूत शोधते. जिवंत माणसाच्या मेंदूत कोणतीही शस्त्रक्रिया न करता डोकावणारे यंत्रही आता आपल्या हाती आले आहे. एम.आर.आय. हे नाव आज घराघरांत परिचित आहे. अपघात वा पक्षाघातानंतर निपचित पडलेल्या रुग्णाचे नातेवाईक रिपोर्ट हाती घेऊन आमच्यासारख्या धर्मगुरूंपुढे उभे राहतात आणि विचारतात, "फादर, आमचं बोलणं त्याला कळत असेल का?" हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तसाच तो तत्त्वज्ञानाचा आणि नीतीचाही आहे. म्हणून या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार आपण शांतपणे करावयास हवा.

आपल्या शरीरात पाणी विपुल असते आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात या अणूंची केंद्रके एका दिशेकडे कलतात; रेडिओलहरींचा धक्का दिला की ती विचलित होतात आणि पूर्वस्थितीला येताना सूक्ष्म संकेत देतात. त्या संकेतांवरून संगणक अवयवांचे चित्र रचतो. रुग्णालयातील ३ टेस्ला शक्तीच्या यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे ६०,००० पट प्रबळ असते. तरीही त्यात क्ष-किरणांचा वापर नाही. या शोधांबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे झाले मेंदूच्या रचनेचे चित्र. मेंदूचे कार्य पाहण्याची वाट १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखविली. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू देऊन चुकलेले रक्त यांचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तेथे ताज्या रक्ताचा पुरवठा वाढतो आणि तो फरक यंत्र टिपते. वर्तमानपत्रांत आपण पाहतो ते मेंदूवरील लाल-पिवळे ठिपके म्हणजे विचारांची छायाचित्रे नव्हेत. ती रक्तप्रवाहातील बदलांची, गणिताने काढलेली अनुमाने आहेत. शिवाय मेंदूतील घडामोड क्षणार्धात होते, तर रक्ताचा हा प्रतिसाद चार-पाच सेकंदांनी शिगेला पोचतो.

गणित ढिले ठेवले तर काय होते, हे अमेरिकेतील काही संशोधकांनी २००९ साली मोठ्या खुबीने दाखविले. त्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखविली आणि त्यांच्या भावना ओळखावयास सांगितले. सदोष पद्धतीने हिशेब केला, तेव्हा त्या मृत माशाच्या मेंदूतही ठिपके उजळलेले दिसले! योग्य दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. यंत्र खोटे बोलत नाही. पण ते काय बोलते, हे माणसालाच विवेकाने ठरवावे लागते.

या यंत्रापुढे श्रद्धावंतांचाही एक मोह असतो. आत्म्याचा पुरावा त्यातून मिळेल, असे काहींना वाटते. कॅनडातील माँट्रियल येथे १५ कार्मेलाईट धर्मभगिनींनी, देवाशी झालेल्या उत्कट ऐक्याचे स्मरण करीत असता, आपल्या मेंदूचे असे चित्रण करू दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मेंदूत 'देवाचा' म्हणावा असा एखादा कोपरा नाही. स्मरण, भावना, शरीराचे भान अशा अनेक कार्यांशी संबंधित भाग एकत्र जागे झाले. यावरून देव आहे असेही सिद्ध होत नाही आणि तो केवळ मेंदूचा खेळ आहे असेही सिद्ध होत नाही. आईला पाहून बाळाच्या मेंदूत काही उजळले, म्हणून आई काल्पनिक ठरत नाही. आत्मा म्हणजे देहाच्या पिंजऱ्यात कोंडलेला पक्षी, असे ख्रिस्तसभा मानीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्म्याला देहाचे जीवनतत्त्व मानले. देह आणि आत्मा मिळून एकच मनुष्य होतो. तेव्हा आपण प्रार्थना करताना आपला मेंदूही प्रार्थनेत सामील होतो, यात नवल ते काय?

आता नातेवाइकांच्या त्या प्रश्नाकडे वळू. २००६ साली ॲड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे २३ वर्षांच्या एका तरुणीची तपासणी केली. रस्त्यावरील अपघातानंतर ती वनस्पतिवत् अवस्थेत होती; डोळे उघडे, परंतु कोणत्याही हाकेला ओ नाही. यंत्रात तिला सांगण्यात आले, 'आपण टेनिस खेळत आहोत, अशी कल्पना कर'. मग सांगितले, 'आपल्या घरात फिरत आहोत, अशी कल्पना कर'. दोन्ही वेळी तिच्या मेंदूतील तेच भाग कार्यरत झाले, जे निरोगी माणसांत होतात. ती ऐकत होती. तिला कळत होते. २०१० साली केंब्रिज व बेल्जियममधील लीएज येथील ५४ रुग्णांच्या अभ्यासात पाच जणांनी असा प्रतिसाद दिला. त्यांतील एकाने 'हो'साठी टेनिस आणि 'नाही'साठी घर अशी खूण वापरून सहापैकी पाच साध्या प्रश्नांची अचूक उत्तरे दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आज्ञेला बाह्यतः कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या, म्हणजे चौघांतील एकाच्या, मेंदूने आज्ञा पाळल्याचे या यंत्राच्या किंवा मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या तपासणीतून आढळले.

हे वाचून कोणाचे हृदय हेलावणार नाही? परंतु खरा नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. ज्यांच्या मेंदूत काहीच उमटले नाही, त्या उरलेल्या तिघांचे काय? त्यांच्या ठायी 'कोणी नाही' असे म्हणावयाचे काय?

त्याच अभ्यासातील दुसरा आकडा या बाबतीत फार बोलका आहे. जे ११२ रुग्ण खाटेवर सर्वांच्या देखत आज्ञा पाळू शकत होते, त्यांच्यापैकी केवळ ४३ जणांचा प्रतिसाद या तपासण्यांना पकडता आला. म्हणजे शुद्धीवर असल्याची उघड खूण देणाऱ्या बहुसंख्य माणसांनाही यंत्राने ओळखले नाही. थकवा, झोप, सूचना न कळणे, अंगाची हालचाल, अशी कारणे अनेक असू शकतात. उजळलेला ठिपका साक्ष देऊ शकतो. न उजळलेला ठिपका माणसाच्या नसण्याची साक्ष देऊ शकत नाही.

आम्ही याहूनही एक पाऊल पुढे जाऊ इच्छितो. उद्या याहून अचूक यंत्र निघाले आणि एखाद्याची जाणीव खरोखरच मालवली आहे असे त्याने दाखविले, तरी त्याची प्रतिष्ठा मालवते काय? जाणीव हे मनुष्याचे मोठे देणे आहे, परंतु त्याचे मोल त्या देण्यावर ठरत नाही. नाहीतर गाढ झोपेतला माणूस आणि नवजात बालक यांचे मोल आपण कशावर ठरविणार? वनस्पतिवत् अवस्थेतील मनुष्य हा मनुष्यच असतो, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये निक्षून सांगितले, ते याच कारणासाठी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारिणीची १९७३ पासून २०१५ मधील तिच्या मृत्यूपर्यंत जी शुश्रूषा केली, तीही कोणत्या यंत्राच्या दाखल्यावर अवलंबून नव्हती.

याचा अर्थ प्रत्येक रुग्णाला अखेरपर्यंत यंत्रांना जखडून ठेवावे, असा नव्हे. रुग्णावर असह्य भार टाकणारे आणि निष्फळ ठरणारे उपचार थांबविण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. खोटी आशाही आम्ही देऊ इच्छित नाही. यंत्रात प्रतिसाद मिळाला म्हणजे रुग्ण उठून चालू लागेल, असे नाही. मात्र उपचार थांबविणे वेगळे आणि माणसाला मोजेनासे होणे वेगळे.

शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्य आठवा. छप्पर उसकटून त्याला प्रभूपुढे उतरविले जाते. त्या प्रसंगात तो एक शब्दही बोलत नाही. प्रभू पाहतो तो त्याला वाहून आणणाऱ्यांचा विश्वास. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही, त्याची खाट उचलून धरणे हे इतरांचे काम असते.

म्हणून त्या नातेवाइकांना आमचे सांगणे एवढेच: त्याला कळते की नाही, याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. त्याला नावाने हाक मारा. कूस बदलताना आणि अंग पुसताना काय करीत आहोत, ते सांगा. घरची खबर द्या, त्याच्याजवळ बसून रोझरी म्हणा आणि रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. मुख्य म्हणजे, त्याच्या खाटेशेजारी उभे राहून, तो तेथे नाहीच अशा रीतीने त्याच्याविषयी बोलू नका.