उचल दिली म्हणजे मनुष्य आपला होतो काय?

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती व इंदापूर तालुक्यांतील रस्ते गाड्यांनी भरून जातात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास या कोरड्या मुलखात आले; पुढे वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. तेव्हापासून येथील सुबत्ता पुष्कळ अंशी परमुलखाच्या हातांवर अवलंबून आहे. बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. ती जोडी ऊस तोडते, मोळ्या बांधते व बैलगाडीत अगर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरते. तोडलेला ऊस वेळेवर गाळला नाही तर वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून फडापासून गव्हाणीपर्यंतची साखळी एक दिवसही तुटू नये, अशी सर्वांचीच धडपड असते.

ही साखळी ज्या कडीने जोडली आहे तिचे नाव उचल. हंगामाच्या पुष्कळ आधी वाहनमालक मुकादमास व मुकादम मजुरांस रक्कम देतो, आणि ती पुढे कामातून फेडावयाची असते. आता प्रश्न असा की, पैसे आगाऊ दिल्याने मनुष्य खरोखर आपला होतो काय?

प्रथम वाहनमालकाचे गाऱ्हाणे ऐकले पाहिजे. तो बहुधा साधा शेतकरीच असतो. ट्रॅक्टर कर्जाऊ घेतलेला, उचलीची रक्कमही उसनवारीची. आणि टोळी येतच नाही, किंवा एके सकाळी पाहावे तो कोप्या रिकाम्या! अशा वेळी एक सबंध घर बुडते. दारिद्र्य हे शब्द मोडण्याचे कारण असू शकेल, पण त्याने तो मोडणे न्याय्य ठरत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मजूर एक दिवस आजारी पडला तर खाडा म्हणून दंड कापला जातो. हिशेब मुकादमाच्या वहीत. ज्याने घाम गाळला त्यास तो वाचता येत नाही, किंवा दाखविला जात नाही. हंगाम संपतो, फेड संपत नाही, आणि उरलेली बाकी पुढील वर्षाची बेडी होते. वेठबिगारीची पद्धत नष्ट करणारा कायदा आपल्या देशात 1976 साली झाला. तो कोणत्या व्यवहारास लागू पडतो हे न्यायालयाने पाहावे. पण ज्या बाकीमुळे मनुष्यास दुसरीकडे जाताच येत नाही, तिला आपले मन काय नाव देते, हे ज्याचे त्याने पाहावे.

ट्रॅक्टरच्या चालकाची गोष्टही निराळी नाही. दोन ट्रॉल्या भरून तो निघतो, कारखान्याच्या तळावर रात्रभर रांगेत बसतो, आणि वजन होऊन गाडी खाली होताच पुन्हा फडाकडे वळतो. तो काम सोडून गेला की मालक म्हणतो, “हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत.” पण त्यास झोप किती मिळाली, मागच्या ट्रॉलीस दिवा होता की नव्हता, पगार ठरल्या दिवशी हाती पडला काय, हे कोणी विचारले?

कित्येक म्हणतील की, मजुरी वाढविली म्हणजे झाले. मजुरी वाढावी यात शंका नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात शेकडा 34 वाढ ठरली, ते योग्यच झाले. तथापि दर वाढून हिशेब अंधारातच राहिला, तर विश्वास कोठून उत्पन्न होणार? कोणी पुसतील, मग उचल बंदच करावी काय? तसे आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यात ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्यास ती आधारच आहे. मात्र आधार देणे निराळे व गळ्यात दावे अडकविणे निराळे. दाव्याने बांधलेले जनावर दावे तुटताच पळते; मायेने राखलेले मोकळे सोडले तरी सांजेस गोठ्याकडे येते. मनुष्य तर जनावराहून किती थोर!

म्हणून वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या शेतात टोळी उतरते, ज्यांची वाहने ऊस ओढतात, त्यांस आमची विनंती आहे. हिशेबाची एक प्रत मजुराच्या हाती असू द्या. आजारीपणाचा दिवस खाड्यात धरू नका. कोप्यांजवळ पाणी व उजेड यांची सोय करा. मुलांस गावच्या शाळेची वाट दाखवा. चालकास झोपेपुरती उसंत द्या. यांपैकी पुष्कळ गोष्टींस पैसा थोडा लागतो, मन मात्र मोठे लागते.

आणि खरी कसोटी हंगाम उलटल्यावर होते. हिशेब पुरा फिटला, एक पैसाही देणे उरले नाही, आणि तरीही जो मनुष्य पुढल्या वर्षी आपणहून तुमच्याच फडाची वाट धरतो, तोच तुमच्याकडे टिकला असे समजावे. बाकीच्यांस तुम्ही केवळ अडकवून ठेविले होते.