औषध न मिळालेला हॅमस्टर

पाळीव प्राण्यांच्या दुकानात चाकावर धावणारा सोनेरी हॅमस्टर आपल्या घरांत आला तो प्रयोगशाळेच्या वाटेने. जेरुसलेमचे परजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर लीशमानिया रोगांवर काम करत होते. त्यांनी आणवलेल्या चिनी हॅमस्टरांची पिंजऱ्यात वीण होईना. म्हणून १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातले बीळ खणून एक मादी आणि तिची ११ पिल्ले मिळवली. त्यांतली मोजकीच जगली. आजचे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज आहेत.

याच हॅमस्टरावर कालाआजार या लीशमानिया रोगाची औषधे अजूनही तपासली जातात. वाळूमाशीच्या चाव्यातून लीशमानिया परजीवी शरीरात शिरतो, प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत ठाण मांडतो, आणि उपचार न झाल्यास रोगी सहसा दगावतो. हॅमस्टरात लागण केली की रोग माणसासारखाच वाढतो. प्लीहा सुजते, वजन उतरते, पोटात पाणी साठते. उंदराचे तसे नाही. त्याच्या यकृतातली लागण काही आठवड्यांत शरीर स्वतःच आटोक्यात आणते. तिथे औषध यशस्वी दिसले, तरी त्या यशात उंदराच्या प्रतिकारशक्तीचा वाटा किती, हे वेगळे काढावे लागते.

चाचणीची रीत साधी आहे. लागण झालेल्या प्राण्यांचे गट पाडायचे, एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही. मग प्लीहेचा ठसा काचपट्टीवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजायचे. नैतिक पेच आहे तो या दुसऱ्या गटात. औषध मिळालेल्या प्राण्याला निदान बरे होण्याची संधी असते. न मिळालेल्याचे काम आजारी राहणे, एवढेच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय औषधाच्या गुणाला पुरावा नाही.

प्राणी माणसासारखा नाही, मग प्रयोग कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण वेगळेपण नेमके ठाऊक असेल तर तेच कामाला येते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांत अँटिमनीची औषधे निष्प्रभ ठरली, ॲम्फोटेरिसिन बी मात्र चालले. अँटिमनीला रोग्याच्या प्रतिकारशक्तीची साथ लागते, हे त्यातून कळले. एचआयव्ही आणि कालाआजार एकत्र जडलेल्या रोग्यांच्या बाबतीत हे ज्ञान मोलाचे आहे.

प्राण्याच्या साक्षीला मर्यादाही आहेत. २००२ साली भारतात मान्यता मिळालेले मिल्टेफोसिन हे या रोगावरचे पहिले पोटात घ्यायचे औषध. प्राण्यांवरील चाचण्यांत गर्भाला अपाय दिसल्यामुळे ते गर्भवतींना देत नाहीत, आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना उपचारकाळात व नंतरही काही महिने गर्भनिरोधक वापरावे लागते. हा इशारा पिंजऱ्यातून आला. मात्र दशकभराच्या वापरानंतर बिहारमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले, त्याची चाहूल पिंजऱ्यातून लागली नव्हती. २८ दिवसांच्या गोळ्या घरी नेलेला मजूर बरे वाटताच त्या सोडून देईल का, हे हॅमस्टर सांगू शकत नाही.

म्हणून माझ्या मते प्रयोग हवेत की नकोत या वादाआधी विचारायला हवे: या प्राण्याला हाच प्रश्न का विचारला, आणि तो आधी कुणी विचारला होता का? शास्त्रज्ञ रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली: शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या घटवा, यातना कमी करा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते आणि २०२३ साली औषधचाचण्यांच्या नियमांत बिगरप्राणी पद्धतींना वाव मिळाला. पण संपूर्ण शरीरातला रोग अजून काचेच्या बशीत मावत नाही. तोवर प्राणी लागणार.

लागणार असतील, तर फसलेल्या औषधाची कथाही छापून आली पाहिजे. गट चिठ्ठ्या टाकून पाडले पाहिजेत, आणि परजीवी मोजणाऱ्याला काचपट्टी कोणत्या गटाची हे ठाऊक नसले पाहिजे. एरवी ही शिस्त संशोधनाची सभ्यता म्हणून सांगितली जाते. पण फसलेला निकाल कपाटात पडून राहिला, तर दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा तोच प्रश्न पुन्हा विचारते, आणि तिथेही एक गट औषधाविना ठेवला जातो.