निनावी साथ: कर्तृत्वाचा एक नैतिक प्रश्न

‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश रॉकवृंदाचा तिसरा अल्बम 1970 मध्ये ब्रिटन व अमेरिका येथील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोचला. त्यातील ‘फ्रेंड्स’ हे गीत जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी 1972 मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसह पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते अधिकृतपणे प्रकाशित झाले 2015 मध्ये, ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत. शीर्षकापुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढाच निर्देश आहे: शहराला नाव आहे, वादकाला नाही.

रोलाँ बार्थ यांनी 1967 मध्ये ‘लेखकाचा मृत्यू’ घोषित केला. परंतु ज्याचे नाव शीर्षकापर्यंत पोचलेच नाही, त्याच्या बाबतीत मृत्यू तरी कोणाचा? आपली जात्यावरील ओवीही अनामिकच, असा प्रतिवाद संभवतो. मात्र ओवीची अनामिकता ही गाणाऱ्या समूहाची स्वतःची रीत आहे. तरीही हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या ओवीसंकलनात गाणारणीचे नाव आणि गाव नोंदविले गेले. नाव सोडणे आणि नाव सुटणे यांत भेद आहे; पहिल्यात विरक्ती असेल, दुसऱ्यात उपेक्षाच असते. संहितेच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेने हा भेद पुसता कामा नये.