अन्नसाखळीचा जमाखर्च

गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार ही बाणांनी जोडलेली ओळ पाठ झाली म्हणजे परिस्थितिविज्ञानाचा पहिला धडा आपण शिकलो, असा आपला शाळेपासूनचा समज असतो. परंतु या साध्या दिसणाऱ्या ओळीचा पुरता अर्थ उमगण्यास शास्त्रज्ञांनाही कित्येक दशके लागली, आणि त्या अर्थाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तर पक्ष्यांच्या मृत्यूंतून उलगडला.

प्रारंभी ही कल्पना कोण कोणाला खातो एवढ्या नोंदीपुरतीच होती. ऑक्सफर्डचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन 1921 साली उत्तर ध्रुवानजीकच्या स्पिट्सबर्गेनच्या मुलखात गेला. तेथील जीवसृष्टी इतकी मोजकी होती की तिचे सारे अन्नव्यवहार एका कागदावर मांडणे शक्य झाले, आणि 1927 च्या आपल्या ग्रंथात त्याने अन्नसाखळीला प्राणिजीवनाच्या अभ्यासात मध्यवर्ती स्थान दिले. पुढे अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक रेमंड लिंडेमन याने मिनेसोटातील एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून याच साखळीचा ऊर्जेच्या परिभाषेत जमाखर्च मांडला: प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा हिस्सा जगण्यातच खर्ची पडतो आणि अल्पसा अंश पुढच्या प्राण्याच्या पदरी पडतो, म्हणूनच रानात हरणे पुष्कळ आणि वाघ थोडे. हा हिशेब मांडणारा त्याचा निबंध 1942 साली प्रसिद्ध झाला तेव्हा, वयाची 27 वर्षे पूर्ण होण्याआधीच निवर्तलेला लिंडेमन तो पाहावयास नव्हता.

मात्र जो पदार्थ खर्चीच पडत नाही त्याचे काय होते, हा प्रश्न या हिशेबात अद्याप कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराने दिले. तेथे येणाऱ्या मासेमारीच्या शौकिनांना एका चिलटाचा उपद्रव होई. चावत नसे ते, केवळ थव्यांनी त्रास देई. त्याच्या बंदोबस्तासाठी 1949 साली डीडीडी हे कीटकनाशक पाण्याच्या सात कोटी भागांस एक भाग इतक्या विरल प्रमाणात सोडण्यात आले, आणि 1954 व 1957 साली तोच प्रयोग पुन्हा झाला. सरोवरावरचे ग्रीब पक्षी, आपल्या टिबुकलीच्या कुळातले, मरू लागले. आणि त्यांच्या चरबीत हे विष दहा लक्ष भागांस 1600 भाग आढळले. पाण्यात ते नगण्य होते; सूक्ष्म प्लवकांनी ते शोषले, प्लवक खाणाऱ्या लहान माशांत ते वाढले, मोठ्या माशांत त्याहून वाढले, आणि सरतेशेवटी त्या माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांत साचले. ऊर्जा ज्या वाटेने घटत जाते त्याच वाटेने विष वाढत जाते, हे ज्ञान अमेरिकी लेखिका रॅचेल कार्सनने 1962 साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकातून सामान्य वाचकापर्यंत पोचविले. विपुल पाण्यात अल्प विष नाहीसे होते, ही आपली जुनी समजूत तेव्हा मोडावयास हवी होती.

ती मोडली नाही, याचा दाखला आपल्याच गावकुसाबाहेर आहे. मेलेली गुरे टाकण्याच्या जागी घिरट्या घालणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे 1990 नंतरच्या दीड दशकात शेकडा 99 हून अधिक घटली. कारण 2004 साली उजेडात आले: गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. येथे विष पायरीपायरीने साचण्याचीही गरज नव्हती. औषध देऊन थोड्याच दिवसांत मेलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि यकृतावर, हृदयावर यूरिक आम्लाचा पांढरा थर चढे. मरणासन्न गुराच्या वेदना शमविणे ही दयाबुद्धीच होती, यात संशय नाही. पण त्या गुराच्या मृत्यूनंतर ते कोणाचे अन्न होणार, हा विचार औषध बाजारात आणताना कोणीही केला नाही, आणि माझ्या मते अपराध तेथेच घडला.

गुरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली. गिधाडांना तशाच घातक असलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांवर 2023 साली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध बाजारात उपलब्ध आहे. ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत त्यांनी डॉक्टरांकडे तेच आग्रहाने मागावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.