उघडे दार आणि देवाची हाक

मननासाठी शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये 16:6-15



एखादी अकल्पित संधी पुढे आली, की आपल्या मंडळ्यांतून एक उद्गार सहज ऐकू येतो: "देवानेच हे दार उघडले!" हा उद्गार भक्तीचा खरा, परंतु तो उच्चारण्याची घाई करणे बरे नव्हे. देवपूर व धुळे यांच्यामधून पांझरा नदी वाहते. पूल मोकळा आहे एवढ्यावरून कोणी पलीकडे जात नाही. पलीकडे काम असते म्हणून तो जातो. तद्वत मार्ग खुला आहे एवढ्यावरून त्या मार्गाने जाण्याची देवाची आज्ञा झाली, असे ठरत नाही.

योना संदेष्टा परमेश्वरापासून दूर पळाला, तेव्हा याफो बंदरात तार्शीशास जाणारे जहाज त्याला आयतेच मिळाले आणि भाड्याचे पैसेही त्याच्यापाशी होते. सर्व गोष्टी कशा जुळून आल्या, असे त्यास वाटले असल्यास नवल नाही. तरी ते जहाज देवाच्या इच्छेचे नव्हते. एन-गेदीच्या गुहेत शौल राजा एकटाच दाविदाच्या हाती सापडला, तेव्हा दाविदाचे सोबती म्हणाले की परमेश्वराने नेमलेला दिवस तो हाच. दाविदाने मात्र ती संधी नाकारली. परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणे हे पाप आहे हे तो जाणून होता. आणि जी गोष्ट पापावाचून साधत नाही, ती कितीही अनायासे हाती आली तरी देवाकडून आलेली नव्हे.

आता पौलाकडे पाहा. तो व त्याचे सोबती सुवार्तेच्याच कामास निघाले होते. तरी आशिया प्रांतात वचन सांगण्यास पवित्र आत्म्याने त्यांना मना केले आणि बिथुनियाकडे जाण्याचा त्यांचा यत्न निष्फळ झाला. मग त्रोवसात रात्री दृष्टांत झाला: मासेदोनियाचा एक मनुष्य साहाय्यासाठी विनवीत उभा होता. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक ही, की दृष्टांत एकट्या पौलास झाला, तरी त्याचा अर्थ सर्वांनी मिळून ठरविला. दुसरी ही, की त्या हाकेत पौलाच्या लाभाचा शब्दही नव्हता. दुसऱ्याची गरज तेवढी होती. फिलिप्पैस पोहोचल्यावर मोठी सभा वाट पाहत नव्हती. नदीकाठी काही स्त्रिया प्रार्थनेस जमल्या होत्या, आणि पुढे फटके व तुरुंग होता. तथापि लुदियाचे अंतःकरण तेथेच उघडले गेले.

आपल्या महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन स्थापिले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. ते मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि अमेरिकेतील मित्रांनी त्यास दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर सदनास काही उत्पन्न असावे, या हेतूने बाईंनी केडगाव येथे शेतजमीन घेऊन फळझाडे लावण्याची योजना केली. हा मनुष्याचा शहाणा हिशेब होता.

इतक्यात 1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील 1874 साली दुष्काळातच उपासमारीने गेले होते; त्यामुळे ती वार्ता त्यांस परकी वाटली नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या व निराधार मुलींना घेऊन आल्या. या मुलींसाठी कोणी पैशांचे वचन दिलेले नव्हते. त्यातच पुण्यास प्लेगाची साथ आल्यामुळे त्यांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. एक दार असे बंद झाले. आणि उत्पन्नासाठी घेतलेली केडगावची जमीन त्या मुलींचा आसरा झाली. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले, आणि 1900 सालच्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या हजारावर गेली. संधी म्हणून जे आले, त्याचे रूप लाभाचे नव्हते, भाराचे होते. बाईंनी तो भार ओळखून उचलला.

यावरून संधी पारखण्याचे चार प्रश्न निघतात. ही गोष्ट शास्त्रवचनाच्या विरुद्ध आहे काय? हिच्यात माझ्यावाचून आणखी कोणाचे हित आहे, आणि माझ्या लाभाची किंमत दुसऱ्या कोणास भरावी लागते काय? घरातील माणसांशी व मंडळीतील वडीलधाऱ्यांशी मी ही उघडपणे बोललो आहे काय? आणि प्रार्थनेसाठी चार दिवस थांबण्यास मी तयार आहे काय? जी संधी विचार करावयास एक रात्रही देत नाही, तिच्याविषयी दुप्पट सावध असावे.

हे बोलणे आपल्या दारातले आहे. पावसाळा सरला की खानदेशातील पुष्कळ गावांत ऊसतोडीचा मुकादम येतो व नवराबायकोच्या कोयत्यामागे उचल पुढे ठेवतो. घरात आजारपण असते, दुकानदाराची बाकी असते. अशा वेळी एकदम मोठी रक्कम हाती येते आणि प्रार्थनेचे उत्तर मिळाले असे वाटते. कदाचित ते तसे असेलही. परंतु उचल हे दान नव्हे, कर्ज होय. अंगठा उठविण्यापूर्वी ती किती दिवसांत फिटेल हे विचारावे. आणि शाळेत जाणारी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी फडावर न्यावी लागेल काय, हेही विचारावे. त्या रकमेची किंमत ती मुलगी भरणार असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळाले.

तथापि जो पोटासाठी जातो त्यास दोष देण्याचा अधिकार मंडळीला नाही. "जाऊ नका" असे सांगणे सोपे आहे. "मुलीला आमच्या घरी ठेवा, हंगाम संपेपर्यंत ती आमच्या ताटात जेवेल व शाळेत जाईल" असे सांगणे कठीण आहे. शेजाऱ्याच्या दारी मुकादम आला, तर ती एकट्या शेजाऱ्याची परीक्षा नव्हे. मासेदोनियाचा तो विनवणारा मनुष्य कदाचित आपल्याच आळीत उभा असेल, आणि अकल्पित संधी त्याला नव्हे, आपल्याला आली असेल.

यास्तव या आठवड्यात प्रत्येक मंडळीने आपल्या गावातून कोणती कुटुंबे जाणार आहेत हे पाहावे, त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करावी, आणि किती मुले मागे ठेवून घेता येतील हे एकत्र बसून ठरवावे.

हे प्रभो, जे दार तू बंद केलेस त्यापुढे आम्हांस कुरकुर करू देऊ नको. जे तू उघडलेस त्यातून भिऊन मागे फिरू देऊ नको. आणि दोहोंतील भेद ओळखण्यास आम्हांस नम्र अंतःकरण दे. आमेन.